लाइट नसलेला स्टुडिओ : आमची वाटचाल

"लाइट घ्यायला पैसे नाहीत, म्हणून हे लोक गिऱ्हाइकाला झाडाखाली उभं करतात," असं आमच्याबद्दल सांगत फिरणारे एक गृहस्थ बेळगावात आजही धंदा करतात. नाव लिहीत नाही. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

फोटोचे लाइट आमच्याकडे पहिल्यापासून होते. पासपोर्ट फोटोवर तर दुकान चालायचं. बाहेरचं काम सुरू झालं ते शहापूरच्या पेठेतल्या एका साडीवाल्या आण्णांमुळं. त्यांना नेसलेल्या साडीचे फोटो हवे होते. पडद्यासमोर फ्लॅश मारून काढले, तर जरीचा काठ पांढरा फटक आला आणि डाळिंबी रंग भलताच लाल. आण्णांनी प्रिंट परत माझ्या हातात दिली. "पोरगी कशी का दिसंना, साडीचा रंग चुकला नाही पायजे. गिऱ्हाईक फोटो बघून येतंय आणि साडी बघून परत जातंय."

म्हणून साडी नेसलेल्या मुलीला घेऊन कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात गेलो. जुन्या झाडांची सावली, पण सावलीत आत नाही, काठावर. आत उभं केलं की पानांतून येणारा हिरवा रंग गालावर बसतो. काठावर तोंड उघड्या आभाळाकडं केलं, की पाठीमागं अंधार आणि चेहऱ्यावर सगळीकडून सारखा उजेड. पण सावलीत फिल्म निळी मारते, हे विसरून चालत नाही. त्यासाठी ८१ सिरीजचा पिवळसर फिल्टर. कॅमेरा निकॉन एफएम२, सेल संपला तरी शटर पडणारा. उजेड मोजणारा मीटर मात्र सेलशिवाय मुका, तेव्हा उजेड डोळ्यांनी मोजायची सवय लागली ती कायमची. लेन्स ८५ मिलिमीटरची. रिफ्लेक्टर, म्हणजे चेहऱ्यावर उजेड परतवायची पाटी, होती गणपतीच्या आराशीतल्या उरलेल्या थर्माकोलची, आणि तो थर्माकोल हनुवटीखाली धरून बसायची आमची मालकीण. पुढं पाच रंगांचा घडीचा रिफ्लेक्टर घेतला, तरी तिला तो थर्माकोलच बरा वाटतो. चंदेरी बाजूनं मॉडेलचे डोळे मिटतात, हे तिचं म्हणणं खरं आहे.

मग समोर ते गृहस्थ आले. मोठे स्ट्रोब म्हणजे स्टुडिओचे फ्लॅश, त्यांचा उजेड मऊ करणारे सॉफ्टबॉक्स, दर आमच्या निम्मा. माझ्याच हाताखाली तयार झालेली दोन पोरं घेऊन गेले. लग्नाच्या ऑर्डरी गेल्या, गडहिंग्लज-चंदगडकडची गिऱ्हाइकं येणारी, तीही वाटेतच वळली. आणि वर ते लाइटचं वाक्य. लॅबनं उधारी बंद केली. मालकिणीच्या पाटल्या सोसायटीत गहाण पडल्या. भाडं थकलं तेव्हा दुकानमालक रोज संध्याकाळी सहज म्हणून येऊन बसायचे. चहा मात्र मीच पाजायचा.

पेठेतल्या बाकीच्या दुकानदारांनी समोरच्याकडं काम दिलं होतं. आण्णांनी नाही दिलं. एक दिवस त्यांनी शेजारच्या दुकानातली प्रिंट आणि आमची प्रिंट दोन्ही आपल्या दारातल्या उजेडात मांडल्या, मधे खऱ्या साड्या उलगडल्या, आणि येणाऱ्या बायकांना विचारत बसले, "आक्का, ह्यातली कुठली तुमच्या हातातल्या साडीसारखी दिसतीया?" मला बोलावून म्हणाले, "बघ की, रंग हिथं हाय, तिथं नाही." दिवाळीच्या सगळ्या कामाचा ॲडव्हान्स त्याच दिवशी दिला. कागद नाही, सही नाही. पुढच्या हंगामात पेठेतली बाकीची दुकानंही एकेक करून परत आली. पाटल्या सुटल्या. त्या गृहस्थांनी माझ्याकडून नेलेल्या पोरांपैकी एक आज पुन्हा माझ्याकडं आहे. मी त्याला काही विचारलं नाही. मालकिणीनं विचारलं.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. २००६ साली कोनिका मिनोल्टा कंपनीनं फोटोचा धंदा सोडला, फिल्म गेली, डिजिटल आलं, फिल्टरची जागा ग्रे कार्डनं, म्हणजे रंग जुळवायच्या करड्या कार्डानं घेतली.

आता नवीन पोरं कॅमेरा घेऊन येतात आणि लेन्स कुठली घेऊ विचारतात. उजेड कुठला घेऊ, हे कोण विचारत नाही. बाबांनो, बेळगाव १६ अंशांच्या आसपास आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर टाळूवर असतो. त्या वेळी कितीही देखणी मुलगी उभी करा, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे येतात. ढग आले म्हणून खूश होऊ नका. पातळ ढग चांगला, पण आषाढातला जाड ढग उजेड वरूनच सोडतो, तेव्हाही खालून पांढरं काहीतरी धरावंच लागतं. खानापूरकडं गेलात तर पायाखालची तांबडी माती हनुवटी लाल करते. तिथं मुलीला गवतावर उभं करू नका, हिरवी होईल. पांढरी चादर अंथरा. किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, कॅमेऱ्याची तिपाई लावायची असेल तर परवानगी आधी काढा, मग दगडाच्या सावलीचं कौतुक करा. आणि मॉडेलला उजेडात टक लावून बघायला लावू नका. डोळे मिटायला सांगा, तीन म्हटल्यावर उघडायला सांगा, त्याच क्षणी शटर दाबा. अर्ध्या सेकंदात डोळे पुन्हा बारीक होतात.

परवा ते गृहस्थ कॅम्पात दिसले. स्ट्रोब नव्हता. एका मुलीला उन्हात उभं करून काढत होते, भर बारा वाजता. मी गाडी थांबवली नाही.

आण्णा आता दुकानात बसत नाहीत, मुलगा बसतो. काम अजून आमच्याकडंच आहे, दर मात्र तो घासाघीस करून ठरवतो, आण्णांसारखा नाही. बाहेरच्या फोटोंसाठी येणाऱ्यांनी सकाळी सातला तयार होऊन यावं, साडीला पिना घरूनच लावून याव्यात, आणि फार चमकणारी पावडर लावू नये. दुपारचा वेळ मागू नये, मिळणार नाही.