मोजक्या इंधनावर नायट्रो इंजिन: माझा अनुभव

नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात आल्यापासून सुट्टीच्या दिवशी मी एका नॉस्टॅल्जिया फनी कारच्या (सत्तरच्या दशकातल्या धर्तीच्या ड्रॅग रेसिंग गाडीच्या) टीमला हातभार लावतो. गाडी नायट्रोमिथेन (थोडक्यात नायट्रो) या इंधनावर चालते, इंजिनावर जास्तीची हवा आत ढकलणारा ब्लोअर आहे आणि या क्लासमध्ये इंधनाच्या पंपावर नियमाने मर्यादा आहे. इंजिन ठरावीक वेगाने (आरपीएम) फिरत असताना ठरलेलंच इंधन मिळतं.

आधी गणित सांगतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, मिथेनॉलला 6.4 आणि नायट्रोमिथेनला फक्त 1.7. म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या आठपटीहून जास्त नायट्रो घालावं लागतं. पुली बदलून ब्लोअर जोरात फिरवणं सोपं आहे, पण त्या वाढीव हवेला पुरेल एवढं इंधन आणायचं कुठून?

मिश्रण बदलायचा नेहमीचा मार्ग म्हणजे रिटर्न लाइनमधली, म्हणजे जादा इंधन टाकीत परत नेणाऱ्या नळीतली, पिल नावाची भोकाची छोटी चकती. तिचं भोक मोठं असलं की जास्त इंधन टाकीत परत जातं आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. लहान असलं की रिच, म्हणजे इंधन जास्त. आमची पिल लहान करत करत जवळजवळ बंदच झाली, तरी इंजिन लीनच. शेवटी इंजिनाची जुळणी बघणारे आमचे ट्यूनर म्हणाले, "इंधनाचा नाद सोडा, हवा कमी करा." ब्लोअरचा वेग उतरवायचा म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले. मला मात्र ते लगेच पटलं. ज्या इंजिनात इंधन वाढवताच येत नाही, तिथे हवाच इंधनाच्या मापाने बेतायला हवी.

मग इंजिनात इंधन फवारणारी नोझल. पंप फ्लो बेंचवर (इंधनाचा प्रवाह मोजायच्या यंत्रावर) लावून प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं ठेवलं. भोकं मोठी होती, त्यामुळे प्रेशर पडत होतं आणि फवाऱ्याऐवजी नुसती धार येत होती. बारीक नोझल लावल्यावर तेवढ्याच इंधनाचा छान फवारा व्हायला लागला. इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

खरा निकाल स्पार्क प्लग सांगतात. रन संपला की तापलेल्या इंजिनातून आठही प्लग काढून ट्रेमध्ये क्रमाने मांडायचे आणि भिंगातून बघायचे. पांढऱ्या पोर्सिलीनवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक करडे ठिपके दिसले, तर त्या सिलिंडरचा पिस्टन वितळायला लागलाय. प्लग ओला निघाला, तर तिथे इंधन न जळता बाहेर पडतंय. एका सिलिंडरचं नोझल वाढवलं की बाकीच्या सातांचा वाटा कमी होतो, म्हणून एका वेळी एकच बदल.

बेकर्सफील्डजवळच्या फॅमोसोच्या ट्रॅकवर 1959 पासून मार्च मीट ही ड्रॅग रेसिंगची स्पर्धा भरते. तिथे सकाळी गारवा असतो, हवा दाट असते. मेकॅनिकल इंजेक्शनला हवेतला हा बदल कळत नाही. इंधन तेवढंच राहतं आणि इंजिन लीन होतं. म्हणून सकाळच्या राउंडला आम्ही ब्लोअर हळू फिरेल अशी पुली लावतो, दुपारी ऊन चढलं की बदलतो. मागच्या दोन सिलिंडरांची नोझल अजून मनासारखी जमलेली नाहीत, त्यांच्यावर काम चालू आहे.