80 गोळे

पाचवीला शिकवायला लागून मला 14 वर्षं झाली. करवीर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, चारी बाजूंनी ऊस, आणि दिवाळी झाली की वर्गातसुद्धा गुऱ्हाळाचा वास. इतक्या वर्षांत नवोदयला, म्हणजे सरकारी निवासी शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला, आणि शिष्यवृत्तीला बरीच पोरं बसवली. त्यामुळं कुठल्या पोराचं कुठं अडतंय ते पेपर बघूनच आपल्याला कळतं, असा माझा समज झाला होता. तो बारक्यानं मोडला. बारक्या हे घरातलं हाक मारायचं नाव. खरं नाव इथं नको.

सप्टेंबरपर्यंत पोरगं झकास चाललं होतं. आरशातली प्रतिमा मी फळ्यावर काढून होईस्तोवर याचं उत्तर तयार. ऑक्टोबरपासून मी वेळ लावून पूर्ण पेपर घ्यायला सुरुवात केली आणि गाडी रुतली. नवोदयला 80 प्रश्न, 100 गुण आणि 2 तास. बुद्धिमत्तेचे 40, गणिताचे 20, भाषेचे 20. बारक्या 54 सोडवायचा, त्यातले 51 बरोबर यायचे आणि 26 कोरे राहायचे. पुढच्या पेपरला 55. त्याच्या पुढच्याला परत 53.

मी निदान केलं: हात मंद आहे. औषधही मीच ठरवलं. लसावि-मसावि, नफा-तोटा, शेकडेवारी, रोज तीसपर्यंत पाढे. पेपर चालू असताना टेबलावर घड्याळ, आणि दर दहा मिनिटांनी माझी आरोळी, "चला, दहा संपली!" डिसेंबरात त्याची आई शाळेत आली. म्हणाली, "बाई, रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणतंय. डॉक्टरकडं नेलं, काय निघालं न्हाई." मी तिला सांगितलं, परीक्षेचं टेन्शन असतंय, होईल कमी. आरोळ्या काही थांबवल्या नाहीत.

मग तो शनिवार. सकाळची शाळा सुटल्यावर सात पोरांना पेपर दिला. एरवी पेपर चालू असताना मी वह्या तपासत बसते. त्या दिवशी जवळचा चष्मा घरी विसरला होता. वह्या वाचता येईनात, म्हणून नुसतीच पोरांकडं बघत बसले. माझ्या नोकरीतला हा सगळ्यात उपयोगी विसराळूपणा असेल.

बारक्या प्रश्न वाचत होता आणि डोळ्याचं पातं लवतंय न लवतंय तोवर प्रश्नपुस्तिकेत बरोबरची खूण करत होता. मंद कुठला! पण खूण झाली की हात थांबायचा. डाव्या हाताचं बोट ओएमआर शीटवर, म्हणजे गोळे भरून उत्तरं द्यायच्या कागदावर, प्रश्नाच्या आकड्यावर. तिथून नजर पुस्तिकेवर. परत शीटवर. ओठातल्या ओठात आकडा. असं तीनदा. मग पेन टेकवून गोळा असा भरायचा, की कुणी तिथं रांगोळीच घालतंय. मी घड्याळ लावलं. 38 सेकंद. 41. 40.

घरी जाऊन हिशोब मांडला. एका गोळ्याला 40 सेकंद म्हणजे 54 गोळ्यांना 36 मिनिटं. राहिलेल्या 84 मिनिटांत 54 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. अगदी हवा तसा वेग. पोराचं गणित पहिल्यापासून ठीक होतं. मी दोन महिने चुकीच्या जागी मलम चोळत होते.

त्याच संध्याकाळी गुऱ्हाळावर गेले. बारक्याचे वडील गुळव्या, म्हणजे गूळ करणारे. हंगामात ते घरी कमी आणि रस आटवायच्या काहिलीपाशी जास्त, आणि पोरगंही दप्तर घेऊन तिथंच. चुलवाणात चिपाडं पडत होती, भेंडीचं पाणी टाकून मळी काढायचं काम चाललं होतं. मला रस दिला, बसायला पोतं दिलं. बारक्याला विचारलं, "गोळा करताना तीनदा का बघतोस रे?"

बराच वेळ काहीच नाही. मग वाफेकडं बघत बोलला. शहरातल्या एका रविवारच्या क्लासला तो जून-जुलैत जायचा. तिथं एका सराव पेपरात 31 वा प्रश्न सोडला आणि 32 चं उत्तर 31 च्या ओळीत भरलं. तिथून खालचं सगळं एक-एक ओळ वर सरकलं. सरांनी शीट वर धरून सगळ्या पोरांना दाखवली. म्हणाले, एका गोळ्यानं सीट जाते. यानं क्लास सोडला; घरात कारण सांगितलं, बस लागते.

"बाई," तो म्हणाला, "सीट पण 80 आणि प्रश्न पण 80. मग एक गोळा चुकला की एक सीट जाणार की."

नवोदयला सहावीत जास्तीत जास्त 80 मुलं घेतात हे मीच वर्गात सांगितलं होतं. पाऊण जागा ग्रामीण मुलांना, हेही कौतुकानं सांगितलं होतं. त्या दोन ऐंशींची पोरानं अशी गाठ मारून ठेवली असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी गप्प. वडील मात्र झारा हलवत बोलले, "एक रवा बिघडला म्हणून काय आख्खं आदण टाकतो व्हय आम्ही?" रवा म्हणजे गुळाची ढेप, आदण म्हणजे काहिलीतला एका वेळचा सगळा गूळ.

बारक्या म्हणाला, "परवाचं आख्खंच बिघडलं की, पप्पा."

वडील हसायलाच लागले. "बिघडलं. मग? दुसऱ्या दिशी चुलवाण पेटवलंच की."

सोमवारी मी कोऱ्या शीटच्या 20 झेरॉक्स काढल्या आणि घड्याळ कपाटात टाकलं. पहिली शीट त्याच्यापुढं ठेवून म्हटलं, "ही मुद्दाम बिघडव." त्याला वाटलं मी चेष्टा करते. पेन हातात धरून दोन मिनिटं तरी तसाच बसला असेल. कपाळावर घाम. शेवटी एक चुकीचा गोळा भरला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सव्वा गुण गेला. पुढचा भर." मग अजून एक बिघडवला. मग एक वेडावाकडा. शीट संपेपर्यंत तो खुदखुदायला लागला होता. शेजारच्या दोघी पोरी म्हणाल्या, आम्हाला पण बिघडवायला द्या.

त्यानंतर कामाचं तेवढंच शिकवलं. प्रश्न सोडला तर पुस्तिकेत त्याच्या आकड्याला मोठा गोल करायचा. पाच प्रश्न झाले की ओळ जुळते का ते एकदाच बघायचं. पेननं भरलेला गोळा खोडता येत नाही, तेव्हा त्याच्याकडं परत बघायचंच नाही. चुकीला वजा गुण नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत एकही ओळ कोरी ठेवायची नाही. आठवड्याभरात गोळा सात-आठ सेकंदांवर आला. पोटदुखी कधी थांबली ते आईच्याही ध्यानात राहिलं नाही.

परीक्षा 18 जानेवारी 2025 ला होती, शनिवारीच. आदल्या दिवशी केएमटीच्या बसनं कोल्हापुरात जाऊन त्याला केंद्र दाखवून आणलं. फाटक कुठं, नळ कुठं, मुतारी कुठं. येताना रंकाळ्यावर भेळ. पुस्तक कुणी काढायचं नाही असं ठरलं होतं. मीच दोनदा पिशवीत हात घातला आणि बाहेर काढला.

परीक्षेदिवशी फाटकावर जत्रा. एक वडील पोराकडून वर्ग-घन म्हणून घेत होते. एक आई पोरीचा हात दाबत "एक बी चुकवू नगंस हं" म्हणत होती, आणि पोरगी आवंढा गिळत होती. बारक्याच्या आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं, जाताना अभ्यासाचं काही बोलायचं नाही. तिनं त्याची कॉलर नीट केली. म्हणाली, "आत गेल्यावर आधी पाणी पी." तो गेला. साडेअकराला घंटा झाली आणि आम्ही दोघी समोरच्या झाडाखाली बसलो. तिनं दोन तासांत चार वेळा डबा उघडून बघितला. मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेतलं होतं, दोन शब्द सुटले.

दीडला पोरं बाहेर आली. बारक्या मागनं, पॅड काखेत मारून, रमतगमत.

"47 चा गोळा बाहेर गेला, बाई," तो म्हणाला. "मागनं कुणीतरी बाक हलवला."

आईचा हात डब्यावरच थांबला. मी विचारलं, "मग?"

"मग 48 चा केला. डब्यात काय हाय?"