मारून सुधारणारं हे दुखणं नव्हे

आज हर्णैला शाळा सुटल्यावर एका पोराच्या आजीशी बराच वेळ बोलले. पोरगा तिसरीत. काल पाठ झालेला पाढा आज पुसलेला, एका जागी बसणं नाही, शिक्षा झाली तरी उद्या तीच चूक. वाडीत सगळे म्हणतात, वाया गेलाय. आजी हळूच म्हणाली, "बाई, ह्याच्या वेळी सुनेचं पिणं सुटलं नव्हतं."

कारण तेच, असं मी म्हणणार नाही. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. पण गरोदरपणातली दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते. बाळाच्या कोवळ्या यकृताला ती पचत नाही आणि घडत असलेल्या मेंदूला इजा होते. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याच्या सगळ्यात गंभीर रूपाला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' नाव दिलं. त्यात चेहऱ्यावरही खुणा दिसतात. पण दारूने इजा झालेल्या बहुतेक मुलांत त्या खुणा दिसतच नाहीत. म्हणून तर ही पोरं हट्टी ठरतात आणि मार खातात!

माडी असो, बियर असो, गरोदरपणात सुरक्षित असं प्रमाणच नाही. पण सुनेला बोल लावू नका, हेही आजीला सांगितलं. नवरा रोज घरात बाटली आणतो, तिथे तिने एकटीने कसं सोडावं?

झालेली इजा जात नाही, तरी लवकर ओळखलं तर मूल खूप सावरतं. एका वेळी एकच सूचना, रोजचा ठरलेला क्रम, भरपूर धीर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते. पथक शाळेत येईल तेव्हा आजीही येणार आहे.