सुरुंगांची वही

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ मी 18 वर्षं अर्ज टाइप करून देते. वारसनोंद, रेशनकार्ड, प्रतिज्ञापत्र. लोक बोलतात, मी ते सरकारी मराठीत बसवते. एप्रिलमध्ये शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरून पाच बायका आणि बारावीतली एक मुलगी आल्या. आसनगावहून लोकल धरून दहाच्या आत टेबलापुढे हजर.

"ताई, दगडखाणीविरुद्ध अर्ज लिहायचाय."

असा मजकूर माझ्याकडे तयार असतो. ‘आम्ही खालील सह्या करणारे ग्रामस्थ विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की...’ गावाचं नाव बदललं की पाच मिनिटांचं काम. मी वाचून दाखवलं. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई शांतपणे म्हणाली, "यात आमचं काय आलं?"

मला उत्तर देता येईना. मी मजकूर पुसला आणि म्हटलं, "मावशी, तुम्ही सांगा, मी लिहिते."

खाणीत सुरुंगाचा बार उडाला की विहीर दोन दिवस गढूळ. वेचून वाळत घातलेली मोहाची फुलं राखाडी होतात, व्यापारी हात लावत नाही. घराच्या कुडाला भेगा. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी ज्या तालुक्यातून मुंबईला जातं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. अशा ठिकाणी एक विहीर बिघडणं म्हणजे काय, हे मला नळाच्या पाण्यावर वाढलेल्या बाईला त्या दिवशी कळलं.

मग मुलीनं पिशवीतून वही काढली. मावशी प्रत्येक बाराला चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची रेघ ओढायच्या, आणि मुलगी संध्याकाळी ते तारीख-वेळेसकट उतरवून घ्यायची. ‘12 मार्च, दुपारी 1.40, दोन बार. अंगणवाडीच्या पत्र्यावर दगड पडला.’ अशी पानंच्या पानं. इतक्या वर्षांत एवढा भक्कम कागद माझ्या टेबलावर क्वचितच आला असेल. मी वही जशीच्या तशी तक्त्यात घातली, एक शब्द बदलला नाही.

वहीच्या मागे ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल होती. खाणीला नकार, खाली सह्या आणि अंगठे. मी शेजारच्या टेबलावरच्या वकिलांना दाखवली. ते म्हणाले, शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी भागात आहे. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजं. अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठी असलेल्या 1996 च्या पेसा कायद्यानुसार त्यांचा खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस लागतेच.

"पण आम्ही तर नाही म्हटलंय," मुलगी म्हणाली.

"मग पट्ट्याच्या फायलीत कुणाचं हो म्हणणं लागलंय, ते विचारा."

म्हणून दुसरा कागद झाला, माहिती अधिकाराचा. पट्टा कोणत्या शिफारशीवर दिला, तिची प्रत, सभेचा दिवस, हजेरीची नोंद. फी दहा रुपये. पण मावशींकडे दारिद्र्यरेषेचा दाखला होता, त्यामुळे तीही माफ. अर्जदार म्हणून मावशींचं नाव टाकलं.

सह्या चालल्या होत्या तेव्हा कडेची एक तरुण बाई गप्प होती. तिचा नवरा त्याच खाणीच्या क्रशरवर कामाला. ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "सही करते ताई, पण त्याचं नाव कुठं लावू नका. माझं माहेरचं घाला." बाकीच्या बायकांनी ऐकलं. कुणी तिला काही विचारलं नाही, मावशींनी फक्त पेन तिच्या हातात दिलं. तिनं माहेरच्या नावानं सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. मला अजून ती सही दिसते.

दुपारी त्या दोन्ही कागद देऊन परत आल्या. पोचेवर गोल शिक्का, 16 एप्रिल. मुलीनं पाच झेरॉक्स मागितल्या, आजूबाजूच्या पाड्यांसाठी. पैसे मी घेणार नव्हते. मावशींनी कागदाचे तरी घ्यायला लावले.

"उत्तर किती दिवसांत द्यावं लागतं?"

"तीस."

मुलीनं बोटांवर मोजलं, वही उघडली आणि शेवटच्या बाराच्या नोंदीखाली लिहिलं: 16 मे.