तुम्ही विचारलंत म्हणून: परत यायचंच, तर सोडता कशाला?

"परत घरीच यायचं, तर एवढं दूर नेऊन सोडता कशाला?" माझी कबुतरांची ढाबळ बघायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. इतकी वर्षं मी इतिहास सांगून वेळ मारून नेली. १८७० साली पॅरिसला वेढा पडला तेव्हा फुग्यांतून बाहेर नेलेल्या कबुतरांनी शहरात पत्रं आणली. १९४३ साली इटलीत जी. आय. जो या कबुतरानं २० मिनिटांत २० मैल कापले, म्हणून सैनिक स्वतःच्याच बाजूच्या विमानांच्या बाँबहल्ल्यातून वाचले. सगळं खरं. पण तुमचा प्रश्न तसाच राहायचा.

कबुतर निरोप पोचवत नाही हो. ते घरी येतं. चिठ्ठी आपण बांधलेली असते. सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, वास, ओळखीचे रस्ते यांवरून ते दिशा धरतं, पण ओढ घरट्याची. ही ओढ वाढवायची युक्ती कबुतरांच्या शर्यती लावणाऱ्यांना पाठ असते: पिल्लू असलेली मादी जिवाच्या आकांतानं परत येते.

मीही तेच केलं. पिल्लू आठ दिवसांचं होतं. पहाटे राखाडी मादीला त्याच्यावरून उचललं, साठ किलोमीटरवर सोडलं. फार तर दीड तासात यायला हवी होती. संध्याकाळी नराची बसायची पाळी संपली. तो उठला, दाराशी जाऊन थोडा वेळ घुमला, आणि परत पिल्लावर जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी ती आली. ससाण्यानं छाती फाडलेली. पाणी प्यायली की ते गळ्याखालच्या भोकातून बाहेर गळायचं. तशीच आत शिरली आणि नराला बाजूला सारून पिल्लावर बसली.

टाके पडले, जगली. तेव्हा मी म्हणायचो, पाखरांना उडायला आवडतं. आवडतच असेल, टोपली उघडताच ती कशी झेपावतात ते मी पाहिलंय. पण पिल्लावरून उचलताना तिनं माझ्या हातावर पंख आपटले होते, तेही मला आठवतं.

मग थांबलात का? नाही. पिल्लंवाली आता नेत नाही, ढगाळ हवेत सोडत नाही. ससाणा तरीही असतोच. रविवारी सहा नेणार आहे. ती परत येईपर्यंत राखाडी जाळीशी बसून असते, आणि मी तिच्या शेजारी.