डावरा मोची आणि पोर्तोचा पूल

चर्नी रोडहून चर्चगेटला लोकलने जेमतेम पाच मिनिटे लागतात आणि फोर्टमधले माझे ऑफिस दहा वाजता सुरू होते. तरीही गेली नऊ वर्षे मी आठच्या ठोक्याला गिरगावातल्या आमच्या चाळीचा जिना उतरते, कारण मधला दीड तास चित्राचा असतो. रोज एक पान, त्याहून कमी नाही आणि शक्यतो जास्तही नाही. खांद्यावरच्या कापडी पिशवीत ए-फाइव्ह आकाराची वही, पाण्याने न पसरणाऱ्या शाईचे फाउंटन पेन, बारा रंगांची पत्र्याची डबी, दांड्यात पाणी भरता येते असा एक ब्रश आणि जुन्या सुती साडीचा तुकडा एवढेच सामान असते. घडीचे स्टूल दोन वर्षे वागवले आणि सोडून दिले. स्टुलावर बसून चित्र काढणाऱ्या बाईभोवती लोक कोंडाळे करतात. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाईकडे मुंबईत कोणी ढुंकून पाहत नाही.

कला महाविद्यालयात आम्हाला आधी क्षितिजरेषा आखायला, मग इमारतींचे मोठे आकार बसवायला आणि सर्वांत शेवटी माणसे घालायला शिकवले होते. फोर्टच्या रस्त्यावर हा क्रम पहिल्याच आठवड्यात मोडला. राजाबाई टॉवर १८७८ पासून जागचा हललेला नाही, तो उद्याही तिथेच असेल. त्याच्यासमोरून डोक्यावर कागदांचे गठ्ठे घेऊन जाणारा हमाल मात्र दहा सेकंदांत वळणाआड जातो. त्यामुळे मी आधी माणसे काढते आणि त्यांच्या मागे जेवढी इमारत मावेल तेवढी मावू देते. गंमत अशी की प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने ज्यासाठी पैसे दिले, त्या या मनोऱ्याचे आराखडे लंडनमधल्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केले आणि स्कॉट स्वतः मुंबईला कधी आलेच नाहीत. सिअ‍ॅटलच्या गॅब्रिएल कांपानारियो या पत्रकार-चित्रकाराने २००७ साली सुरू केलेली ‘अर्बन स्केचर्स’ची चळवळ आज जगभर पसरली आहे आणि जागेवर जाऊन, समोर दिसते ते पाहूनच चित्र काढायचे, हा तिचा पहिला नियम आहे. मीही तो नियम मानते. फक्त राजाबाई टॉवरसमोर उभी राहिले की तो जरा हळू आवाजात सांगते.

पण समोर उभे राहिले म्हणजे दिसतेच असे नाही, हे मला चर्चगेटजवळच्या एका मोच्याने शिकवले. ते सोलापूरकडचे, साठी ओलांडलेले गृहस्थ आहेत. गोणपाटावर त्यांची हत्यारे रोज एकाच क्रमाने मांडलेली असतात : रापी, दोन आऱ्या, हातोडी, मेणाचा गोळा, खिळ्यांची डबी आणि समोर तीन पायांचा लोखंडी ठोकळा. एका डिसेंबरात मी त्यांना लागोपाठ सहा सकाळी काढले. मान वाकवण्याची ढब जमली, खांद्यावरचा पंचा जमला, चपलेच्या टाचेतून दोरा ओढताना ओठ दाबायची सवयही जमली. सातव्या दिवशी त्यांनी वही मागितली, सगळी पाने शांतपणे उलटली आणि म्हणाले, “ताई, चित्र झकास आहे, पण मी डावरा आहे की.”

सहाही पानांवर आरी उजव्या हातात होती. मी सहा दिवस त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते आणि हात काढायची वेळ आली की दर खेपेला माझ्या डोक्यातला, कधीकाळी अभ्यासवहीत गिरवलेला, उजवा हात कागदावर उतरत होता. ती पाने मी फाडली नाहीत. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी तेव्हापासून एक डावा हात काढते, बाकी काही नाही.

व्हीटी काढताना असा धडा वेगळ्या रीतीने मिळतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेल्या या स्थानकाचे काम १८७८ साली सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. आज पाटीवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असले तरी टॅक्सीवाल्यापासून माझ्या आईपर्यंत सगळे व्हीटीच म्हणतात. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, त्यामुळे त्या चौकात उभे राहिले की मान दोन्हीकडे वळते आणि कागद अपुरा पडतो. सुरुवातीला मी संपूर्ण इमारत एका पानावर बसवायचा हट्ट करीत असे आणि दर वेळी घुमट कागदाबाहेर जात असे. आता एक दिवस फाटकावरचा वाघ, एक दिवस त्याच्या जोडीचा सिंह, एक दिवस कमानीच्या कोपऱ्यातले मोर, असे तुकडे काढते. यातले कितीतरी कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. ते पाहताना त्या मुलांचा हेवा वाटतो. त्यांचा गृहपाठ सव्वाशेहून अधिक वर्षे पावसात उभा आहे.

माझा गृहपाठ मात्र पावसाला टिकत नाही. जुलैत हवेतच इतका ओलावा असतो की पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, पंधरा मिनिटे झाली तरी वाळत नाही आणि वर दुसरा रंग लावला की दोन्ही मिळून चिखल होतो. म्हणून पावसाळ्यात मी हॉर्निमन सर्कलच्या किंवा दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखाली उभी राहून नुसत्या पेनाने काढते. पहारेकऱ्यांचा जाच तर बारमाही आहे. एकदा एका कार्यालयाच्या दारातल्या रक्षकाने माझी वही पाऊण तास ठेवून घेतली, कारण मी खिडक्या मोजत होते. खिडक्या मोजल्याशिवाय काढायच्या कशा, याचे उत्तर त्याच्या साहेबाकडेही नव्हते.

गेल्या ऑक्टोबरात साठवलेली रजा आणि साठवलेले पैसे यांचा मेळ बसला आणि मी दहा दिवस पोर्तुगालला गेले. दोन दिवस लिस्बन, बाकी सगळे पोर्तो. दुबईमार्गे जाणाऱ्या विमानात पेनाने दगा दिला. विमान वर चढताना केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, अर्धवट भरलेल्या टाकीतली हवा फुगते आणि शाईला निबेतून बाहेर ढकलते. पेन काठोकाठ भरून तरी न्यावे नाहीतर कोरडे न्यावे, हे मला वाचून माहीत होते आणि तरीही मी ते अर्धे भरून नेले होते. पासपोर्टच्या कव्हरवर आजही निळसर काळा डाग आहे. लिस्बनबद्दल फार लिहीत नाही. पिवळ्या ट्राम सुंदर आहेत, पण तिथे माझ्या आधी इतके चित्रकार उभे होते की मला ट्रामपेक्षा त्यांच्याच पाठी जास्त दिसल्या.

गिरगावकराला पोर्तुगीज म्हटले की १७३९ सालची वसई आणि चिमाजी अप्पा आठवतात, त्यामुळे त्या देशात मला पाहुणी म्हणून वावरताना थोडे अवघडल्यासारखे होईल असे वाटले होते. झाले उलटेच. भाड्याच्या खोलीच्या मालकीणबाईंनी हातात किल्ली ठेवून जो शब्द उच्चारला, तो आमच्या चावीचा सख्खा भाऊ होता. बोल्याओच्या मंडईत ‘बटाटा’ चक्क बटाटाच निघाला. कॅफेत गल्ल्यापाशी पुढची बाई ‘पगार’ म्हणाली तेव्हा मी दचकले; पोर्तुगीजमध्ये ते ‘पैसे चुकते करणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. महिन्याच्या एक तारखेला मिळणारी वस्तू तिथे खिशातून जाताना ऐकू आली.

पोर्तो हे ग्रॅनाइटचे, चढउताराचे आणि करड्या उजेडाचे गाव आहे. दोरू नदीवरचा दोम लुईश पूल १८८६ साली, म्हणजे आपल्या व्हीटीचे काम चालू असतानाच्या वर्षांत, खुला झाला. तो तेओफिल सेरिग या अभियंत्यांचा. हे पूर्वी आयफेल टॉवरवाल्या आयफेलचे भागीदार होते. खाली एक रस्ता, खूप उंचावर दुसरा, आणि दोन्हींना पेलणारी १७२ मीटरची एकच लोखंडी कमान. नदीकाठच्या रिबेइराच्या फरसबंदीवर बसून मी ती चार वेळा काढली. पहिल्या तीन चित्रांत कमान चपटी पडली, जणू कोणी तिच्यावर बसले आहे. चौथ्या वेळी मी लोखंडाकडे पाहणेच सोडले आणि कमानीखालच्या आभाळाचा आकार काढला. पूल आपोआप उभा राहिला. हवा कोरडी होती, वॉश दोन मिनिटांत वाळत होता. तीन दिवसांत चौदा पाने झाली आणि तिसऱ्या रात्री खोलीतल्या दिव्याखाली ती पाहताना मला वाईट वाटले.

पाने देखणी होती, माझ्या मुंबईच्या पानांपेक्षा कितीतरी नीटनेटकी होती, पण पिक्चर पोस्टकार्डासारखी रिकामी होती. माणसे होती, तरी ती कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसत होती. चर्चगेटला डबेवाला स्टेशनबाहेर आला की तो कुठे वळणार, हे मला त्याच्या खांद्यावरून कळते आणि पेन त्याच्या अर्धे पाऊल आधी पोहोचते. पोर्तोत कोण कुठे चालले आहे हे मला माहीतच नव्हते. मी देखावे शोधत हिंडत होते आणि नकळत कॉलेजातल्या जुन्या क्रमाकडे परतले होते : आधी पूल, मग घरे, शेवटी माणसे.

चौथ्या दिवसापासून मी हिंडणे बंद केले आणि पाच सकाळी एकाच जागी, साओ बेन्तो स्थानकात, आठ वाजता जाऊन बसले. हे स्थानक १९१६ साली खुले झाले. त्याच्या दर्शनी दालनाच्या भिंतींवर झोर्झ कोलासो यांनी रंगवलेल्या सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. लढाया, राजाराणीचा नगरप्रवेश, द्राक्षांची तोडणी, सारे काही त्यांवर आहे. वीस हजार फरशा काढायच्या नसतात. एका कोपऱ्यात सांध्यांच्या पाचसहा रेघा ओढायच्या, चकाकीसाठी कागद कोरा सोडायचा आणि उरलेले निळ्या रंगाच्या एका ओल्या फटकाऱ्यावर सोपवायचे. हे पहिल्याच दिवशी जमले, आणि मग मी भिंतींकडे पाठ फिरवली.

तिसऱ्या दिवशी ओळखी पटू लागल्या. दाराकडून फलाटाकडे फरशी पुसत जाणारी बाई कधीच उलट दिशेने पुसत नसे. खांद्यावर मोठाल्या नळ्या अडकवलेले, बहुधा वास्तुकलेचे असावेत असे, विद्यार्थी घोळक्याने येत. एक म्हातारे गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून, पायावर पाय टाकून, वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचत आणि गाडी लागल्यावरही घाईने उठत नसत. पर्यटक आत शिरले की सगळ्यांच्या माना एकाच कोनात वर जात. रोजच्या लोकांपैकी मात्र एकानेही पाच दिवसांत त्या फरशांकडे पाहिले नाही. व्हीटीच्या घुमटाकडे तरी आपल्यापैकी कोण पाहते? शेवटच्या सकाळी ते गृहस्थ बसणार तो बाक मी ते येण्याआधीच काढून ठेवला होता. ते आले आणि मी त्यांना बसवले, तेव्हा पानावर पहिल्यांदा मुंबईसारखी गर्दी वाटली, जरी माणसे अवघी सात होती.

परतल्यावर सोमवारी ती वही घेऊन मी चर्चगेटला गेले. मोचीकाकांनी हात पंच्याला पुसले, पाने डाव्या हाताने एकेक उलटली. चारही पूल त्यांनी झटकन ओलांडले. निळ्या भिंतीपाशी “हे देऊळ का?” असे विचारले आणि स्टेशन आहे म्हटल्यावर मान डोलावली. मग त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या पानावर थांबले, वही डोळ्यांजवळ नेली आणि वर आलेल्या बुटावर बोट ठेवले.

“ह्यांची टाच बाहेरच्या अंगाने झिजलीय. ह्यांना कोणी सांगितलं नाही का?”

मी पाहिले. टाचेची रेघ खरोखरच एका बाजूला उतरलेली होती. ती मी पाहून काढली होती की पेन घसरले होते, हे आठवायचा मी अजून प्रयत्न करते आहे.