युजिंग पासवर्ड: येस

संगणक आपला, त्याचं बिल आपल्या दप्तरात, आणि आतला डेटाबेस आपल्यालाच विचारतो, तुम्ही कोण? ‘ऍक्सेस डिनाइड फॉर युजर रूट ॲट लोकलहोस्ट, युजिंग पासवर्ड: येस.’ एरर 1045. यातला शेवटचा ‘येस’ मला फार आवडतो. पासवर्ड दिलात, हे मान्य. पुढे बोलायचं नाही. पासवर्ड चुकलाय की या नावाचा युजरच इथं नाही, तेसुद्धा सांगणार नाही.

आमच्या गावच्या ‘क’ वर्गाच्या वाचनालयातली ही गोष्ट. देवघेवीचं सॉफ्टवेअर ज्या मुलानं करून दिलं तो नोकरीला बाहेर गेला, त्याचा फोनही लागेना. सॉफ्टवेअर मात्र इमानेइतबारे चालू होतं. अडलं ते नवा संगणक आल्यावर. पुस्तकं, सभासद, थकलेल्या वर्गण्या, सगळं मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये. ते उचलून न्यायचं तर रूटचा, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य युजरचा, पासवर्ड हवा. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “अहो, त्याच्यातच असेल ना कुठंतरी. शोधून काढा.”

डेटाबेसमध्ये तो नसतोच. ‘युजर’ नावाच्या टेबलात असतो त्याचा हॅश, म्हणजे एक चांदणी आणि पुढं 40 अक्षरं-आकडे (आमची आवृत्ती 5.7 होती). पासवर्डवरून हॅश क्षणात निघतो, उलटं जाता येत नाही. त्यामुळं गेलेला पासवर्ड परत मागायची सोय नाही. पण नवा घालता येतो, आणि गंमत म्हणजे तोही जुना न सांगता! अट एवढीच, की यंत्र तुमच्या हातात पाहिजे.

सर्व्हिसेसच्या खिडकीतून मायएसक्यूएल थांबवलं. नोटपॅडमध्ये एकच ओळ लिहिली: ऑल्टर युजर, रूट ॲट लोकलहोस्ट, आयडेंटिफाइड बाय, अवतरणात नवा पासवर्ड, शेवटी अर्धविराम. मग ‘इनिट-फाइल’ म्हणून त्या फाइलचा पत्ता देऊन सर्व्हर, म्हणजे तेच मायएसक्यूएल, हातानं सुरू केला. पत्त्यातली उलटी तिरकी रेघ विंडोजवर दोनदा द्यायची. सर्व्हर उठतो, ती ओळ वाचतो आणि निमूट पाळतो. ‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ ही दुसरी वाट बरेचजण सांगतात, पण तीत तेवढा वेळ कोणालाही पासवर्डच लागत नाही, म्हणून ती मला पटत नाही. शेवटी नोटपॅडची फाइल आठवणीनं पुसायची, तिच्यात नवा पासवर्ड उघडा असतो.

म्हणजे एवढा ताठ्यानं ‘डिनाइड’ म्हणणारा हा पहारेकरी बाहेरच्यांसाठी. खोलीची किल्ली आणि विंडोजचा ॲडमिन ज्याच्याकडं, त्याच्यापुढं त्याचं काही चालत नाही. यानं हायसं वाटावं की धास्ती, ते किल्ली कोणाकडं असते त्यावर. आमची समोरच्या चहावाल्याकडं असते.

आत गेलो, डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाइलीत नक्कल, घेतला, नव्या संगणकावर चढवला. बाई खूश. आणि जुन्या संगणकावर देवघेव बंद! सॉफ्टवेअर जुनाच पासवर्ड घेऊन दारात उभं. ते स्वतःही रूट म्हणूनच आत जायचं, हे तेव्हा कळलं. असं करू नये, पण करतात. त्याच्या फोल्डरमधली सेटिंगची फाइल उघडली, तर तिथं तो जुना पासवर्ड साध्या अक्षरांत. वाचनालयाचं नाव, पुढं 123.

“मी म्हटलं नव्हतं?” बाई म्हणाल्या.

त्या फाइलमध्ये नवा पासवर्ड घातला, नव्या संगणकावरही तसंच केलं, पावत्या पुन्हा निघू लागल्या. बाईंनी लगेच दाखल नोंदवहीच्या पहिल्या पानावर निळ्या शाईनं नवा पासवर्ड लिहिला, तारीख घातली, वर वाचनालयाचा शिक्का मारला. अध्यक्षांची सही तेवढी राहिलीय. पुढच्या सभेत घेऊ म्हणाल्या.